समुद्र भाड्याने मिळत नाही

गेल्या आठवड्यात आदिलाबादहून मित्राचा फोन आला. नांदेडच्या एका नाट्यस्पर्धेत ओळख झालेला हा गडी कापसाच्या व्यापारात आहे. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि रागावला की उर्दू. दर उन्हाळ्यात तो गोव्याला यायचे ठरवतो आणि दर उन्हाळ्यात त्याचे बेत बदलतात. यंदाचा बेत मात्र पक्का होता. तीन कुटुंबे, बारा माणसे आणि एक खास त्यांच्यासाठीच भाड्याने घेतलेली बोट. खोल समुद्रात जायचे, मोठा मासा गरीला लावायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत यायचे. मे महिन्यात आदिलाबादचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलांच्या शाळा उघडायच्या आत, हे सगळे उरकायचे होते. बोटवाल्याशी तो फोनवर बोललाही होता. बोटवाला म्हणाला होता, 'होईल साहेब, बघू.'

मी म्हटले, होणार नाही. आणि झाले तर होता कामा नये.

पहिली गोष्ट तारखेची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि हा अनेक माशांच्या विणीचा काळ हे दुसरे. आमच्याकडे त्या दिवसांत जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले असतात आणि जाळी विणायची, डागडुजीची कामे निघतात. २९ जूनला सांत पेद्रूच्या फेस्ताला कांदोळीसारख्या गावांत होड्या एकमेकींना बांधून सांगड काढतात, गातात, वाजवतात. पण मासे मारायला जात नाहीत. ज्याचे पोट समुद्रावर आहे तो दोन महिने हात आवरून बसतो, आणि सुट्टीवर आलेल्या माणसाने मात्र 'बघू' या शब्दावर आगाऊ पैसे भरायचे? 'होईल, बघू' म्हणणाऱ्या त्या बोटवाल्याला मी ओळखत नाही, पण ते 'बघू' मी चांगले ओळखतो. आमच्या पर्यटनाचा निम्मा धंदा त्या एका शब्दावर चालतो.

दुसरी गोष्ट त्या 'खोल' शब्दाची. गोव्यासमोरचा समुद्रतळ उतरतो तो अगदी सावकाश. कित्येक तास पश्चिमेला गेल्याशिवाय खरा खोल समुद्र लागत नाही. पर्यटकांची बोट सहसा जाते ती ग्रँड आयलंडच्या आसपास. तिथे डॉल्फिन दाखवतात, जमले तर पाण्यात उतरवतात, हातात दोरा देतात. दिवस छान जातो, माझी तक्रार नाही. पण त्याला खोल समुद्र म्हणणे म्हणजे पैनगंगेच्या काठी उभे राहून हिमालय पाहिल्याचे सांगण्यासारखे आहे. किनाऱ्याजवळच अथांग पाणी हवे असेल तर लक्षद्वीपला जावे लागेल. आणि तिथे मिनिकॉयचे लोक जिवंत आमिष टाकून, काठीने एकेक करून ट्यूना उचलतात. तो त्यांचा खेळ नव्हे, रोजचा कामधंदा आहे.

यावर मित्र जे म्हणाला त्यासाठी हा लेख. 'फुकट थोडीच जाणार बे आपण? पैसे देऊन जाणार. आणि समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे?'

या प्रश्नाचे उत्तर गोव्याने एकदा रस्त्यावर येऊन दिले आहे. १९७०च्या दशकात सरकारी मदतीने ट्रॉलर आले, निर्यातीच्या कोळंबीसाठी थेट किनाऱ्याला लागले आणि रापणकारांची जाळी रिकामी येऊ लागली. तेव्हा हीच भाषा होती: समुद्र सर्वांचा आहे, ज्याच्याकडे इंजिन आहे त्याने मारावे. मॅथनी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या साथीने रापणकार उभे राहिले, मोर्चे निघाले, आणि १९८० साली गोवा, दमण व दीवसाठी सागरी मासेमारीचा कायदा झाला. किनाऱ्यालगतच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात ट्रॉलरला मज्जाव आला. तो मज्जाव किती पाळला जातो हा वेगळा विषय. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ साली केंद्राने बंदी घातली तरी इथले पारंपरिक मच्छीमार त्या दिव्यांविरुद्ध ओरडतच आहेत. सांगायचा मुद्दा असा की समुद्र कोणाच्या बापाचा नसला तरी तो बेवारशीही नाही. 'सर्वांचा' म्हणजे 'आधी पैसे मोजणाऱ्याचा' हा अर्थ किनाऱ्यावरच्या कोणी लावलेला नाही.

आणि हे मी आदिलाबादच्या माणसाला सांगावे? 'जल, जंगल, जमीन' हे शब्द ज्या कोमरम भीमच्या नावाने ओळखले जातात, तो त्यांच्याच जुन्या जिल्ह्यातला, १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेला. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेस्राम कुळातले गोंड कित्येक दिवस पायी चालून गोदावरीचे पाणी आणतात. पाणी कोणाचे, त्याला हात कसा लावायचा, याची रीत त्या मातीत आहे.

लांब कशाला जा? मागच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्यानेच मला सातनाल्याच्या धरणावर नेले होते. तिथे त्याने एक गोष्ट सांगितली. हैदराबादची काही पोरे गाडी घेऊन आली, महागड्या काठ्या काढल्या आणि तलावाकाठी बसली. मच्छीमार सोसायटीची माणसे आली, म्हणाली, या तलावात बीज आमच्यासाठी सोडलेले आहे, आम्ही राखतो, उठा. पोरे म्हणाली, पैसे देतो. सोसायटीवाल्यांनी ऐकले नाही. हे सांगताना माझा मित्र मांडीवर थाप मारून म्हणाला होता, 'बरं केलं!'

मी फोनवर त्याला हे आठवून दिले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'आम्ही पकडून परत सोडून देऊ.'

हा हल्लीचा मोठा पुण्याचा मार्ग. पण खालच्या खडकातला गोबरो किंवा तांबोशी झरकन वर ओढली की तिच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येते. अशी मासळी पाण्यात सोडली तरी ती खाली जाऊ शकत नाही, उताणी तरंगते. मी मासेखाऊ आहे, अहिंसेचे प्रवचन देत नाही. इसवणाच्या तुकडीसाठी मीही बाजारात घासाघीस करतो. पण मासा मारून खाणे मला समजते. नुसत्या फोटोसाठी त्याचा जीव टांगणे समजत नाही.

या हौसेमागे हेमिंग्वेचे भूतही आहे, पुस्तक न वाचलेल्यांच्याही. १९५२च्या त्या कादंबरीतला म्हातारा ८४ दिवस रिकाम्या हाताने परतलेला गरीब कोळी आहे, हातातल्या दोरीने मासा धरतो, आणि तो मासा बाजारात विकायचा आहे. भाड्याच्या बोटीतला तो कोणी नव्हे. पर्यटक त्या कादंबरीत येतात ते अगदी शेवटी: किनाऱ्याला लागलेला सांगाडा पाहतात आणि तो शार्कचा समजतात.

रोजगाराचा मुद्दा राहिला, आणि तो मला खोडता येत नाही. रापणीवर आज घर चालत नाही; खारव्यांची पोरे पर्यटकांच्या होड्या चालवतात म्हणून त्यांच्या घरची चूल पेटते. म्हणून 'येऊ नका' असे मी म्हणत नाही. भाडे कोणाच्या हाती जाते ते विचारा, एवढेच. होडी चालवणाऱ्याची स्वतःची आहे, की तो दुसऱ्याच्या बोटीवर रोजंदारीला आहे? पहिल्या प्रकारची शोधायला दोन फोन जास्त लागतात. जो माणूस कापसाच्या क्विंटलमागे पाच रुपयांसाठी अर्धा दिवस वाद घालतो, त्याला ते जड जाऊ नये.

मी त्याला सांगितले, डिसेंबरात ये. तेव्हा मासेमारी उघडी असते आणि समुद्रही शांत. एखाद्या गावात अजून रापण ओढतात, तिथे नेतो. दोन्ही टोकांचे दोर धरायला हल्ली माणसे कमी पडतात, त्यामुळे बारा जणांना कोणी नको म्हणणार नाही. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. त्यात कधी तारले येतात, कधी नुसता कचरा. मुलांच्या हातांना फोड येतील, जुनी फडकी बरोबर घे.

'आणि मोठा मासा?' त्याने विचारले.

'तो बाजारात आहे. मी घेऊन देईन, घासाघीस तू कर.'

'बघू,' तो म्हणाला.