फ्रेमवर्कचं ऐकायचं कुठवर?

आमच्या हॉस्टेलमध्ये सध्या दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, फ्रेमवर्क म्हणजे गुलामगिरी, सगळा कोड आपणच लिहायचा. दुसरा म्हणतो, प्रोजेक्ट मोठा दिसायला हवा ना, मग त्याचे दहा तुकडे करा आणि दहा ठिकाणी चालवा. मायक्रोसर्व्हिसेस! मी तिसऱ्या पक्षाची, आणि त्या पक्षात सध्या मी एकटीच आहे. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर.)

माझं म्हणणं साधं आहे. फ्रेमवर्कने जे ठरवून ठेवलंय ते मुकाट्याने पाळावं. आणि आपलं काम जिथे त्याच्या मतात बसत नाही, तिथे त्याच्या पोटात सुरी न खुपसता शेजारी आपली वेगळी खोली बांधावी.

'मत असलेलं' फ्रेमवर्क म्हणजे काय, तर कोणती फाइल कुठे ठेवायची, टेबलाला नाव काय द्यायचं, हे ज्याने आपल्या आधीच ठरवलंय ते. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 'रेल्स' बाहेर काढलं, तेव्हापासून हा विचार गाजला. गिटहब आणि शॉपिफाय यांच्यासारखी अवाढव्य कामं त्यावर उभी राहिली. 'आमचं स्वातंत्र्य जातं' ही तक्रार तेव्हाही होती. पण मेसच्या बिलाचं ते अ‍ॅप आठवा! तीन बॅचनी तीन पद्धतींनी लिहिलेलं, आत 'न्यू', 'फायनल' आणि 'फायनल टू' असे तीन फोल्डर. लिहिणारे नोकरीला लागले आणि आता बिल कुठे तयार होतं ते कोणालाच सापडत नाही. मेसचे काका पुन्हा वहीवर आले. त्यांना दोष कोण देणार?

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. मुंबईच्या ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाच्या गरजेतून ईआरपीनेक्स्ट लिहायला घेतलं. त्याच्या खालचं फ्रेमवर्क म्हणजे 'फ्रापे'. पायथनमध्ये लिहिलेलं, आणि मतं अगदी ठाम! प्रत्येक गोष्ट 'डॉकटाइप'. एक डॉकटाइप बनवला की टेबल, फॉर्म, यादी, परवानग्या सगळं मिळतं, आणि त्याच्या फाइल्स ठरलेल्या फोल्डरमध्येच जातात. दुसरं मत हिशेबनिसाचं आहे. 'सबमिट' केलेलं बिल खोडता येत नाही. ते रद्द करायचं आणि सुधारून नवं काढायचं.

आता हे मत आमच्या पूर्णगडच्या आंब्याला कसं लागतं बघा. मुचकुंदीच्या मुखावर छोटासा किल्ला, खाली गाव, आणि हंगामात सगळं लक्ष पेट्यांवर. काकांच्या बागेतला हापूस वाशीच्या मार्केटला जातो. पाच डझनी, सहा डझनी पेट्या आज गाडीत चढतात. भाव काय मिळाला ते मात्र नंतर दलालाची पट्टी आल्यावर कळतं. त्यातून भाडं, हमाली वगैरे वजा झालेलं असतं. म्हणजे माल गेला, पण बिल करायला भावच नाही! ईआरपीनेक्स्टचं नेहमीचं विक्री बिल इथे अडतं.

पहिला पक्ष म्हणेल, उघड ती बिलाची फाइल आणि कुलूप काढून टाक. दोन मिनिटांचं काम आहे, मान्य. पण पुढच्या अपडेटला तीच फाइल वरून नवीन येते आणि मारामारी सुरू होते. शिवाय ते कुलूप काकांच्याच फायद्याचं आहे. पट्टी आल्यानंतर कोणी आकडा बदलला तर माग राहायला हवा की नको?

म्हणून मी आधी फ्रेमवर्ककडे काय आहे ते पाहिलं. दलालाचा गाळा हे आपलंच एक गोडाऊन समजायचं. पेट्या तिकडे 'ट्रान्सफर' करायच्या, विक्री अजून झालेलीच नाही. नवीन डॉकटाइप एकच, 'पट्टी', तोही माझ्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये. पट्टी सबमिट झाली की त्या गोडाऊनमधून विक्री बिल आपोआप निघतं आणि कपातीची नोंद होते. मूळ कोडच्या एका ओळीलाही हात लावावा लागला नाही.

मोठं अ‍ॅप कुठे कापायचं याचं उत्तरही इथेच आहे असं मला वाटतं. २०२२ मध्ये ईआरपीनेक्स्टची चौदावी आवृत्ती आली, तेव्हा पगार आणि कर्मचाऱ्यांचा भाग, शिक्षण, हॉस्पिटल हे सगळे बाहेर काढून स्वतंत्र अ‍ॅप झाले. भारताचं जीएसटीही 'इंडिया कम्प्लायन्स' नावाच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेलं. बरोबरच आहे! जीएसटीचे नियम सरकारच्या वेळापत्रकाने बदलतात, खातेवहीचे नियम क्वचितच. जे वेगवेगळ्या कारणाने बदलतं ते वेगळं ठेवायचं. पण गंमत अशी की अ‍ॅप वेगळे झाले तरी ते चालतात एकाच साइटवर, एकाच डेटाबेसवर. पट्टी, बिल आणि खाते ही तिन्ही एकतर एकदम नोंदली जातात किंवा एकही नाही. हेच दहा सर्व्हरवर केलं तर पट्टी नोंदली आणि बिल निघायच्या आत नेटवर्क गेलं, अशा वेळी काय करायचं त्याचा कोड आपणच लिहायचा. दोघा-तिघांच्या प्रोजेक्टला ही हौस कशासाठी?

तोटे नाहीत असं मी म्हणत नाही. आत काय घडतंय ते बरेच दिवस कळत नाही आणि हुक कुठून कुठे लागलाय ते शोधताना डोकं फिरतं. फ्रापे शिकलेल्याला रेल्समध्ये पुन्हा श्रीगणेशाच करावा लागतो. शिवाय शेवटी ही दुसऱ्याची मतं, ती फर्निचरच्या हिशेबातून आलेली, आंब्याच्या नाही.

सध्या अडलंय ते कपातीपाशी. प्रत्येक दलालाची पट्टी वेगळी, कोणी हमाली वेगळी दाखवतो, कोणी भाड्यातच धरतो. त्यासाठी ठरलेले रकाने न ठेवता पट्टीखाली एक छोटं टेबल दिलंय, हव्या तितक्या ओळी भरा. काका म्हणतात, "एवढं कशाला गो, माझ्या वहीत मावतंय." पण वही काकांनाच वाचता येते, आणि पुढच्या वर्षी हिशेब माझा चुलतभाऊ बघणार आहे.