हृदयाचे औषध, फुफ्फुसाचा दाह
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, जेथे यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात, तेथे कामगाराच्या कोरड्या खोकल्याचा दोष कापसाच्या धुळीला दिला जाणे स्वाभाविक आहे; परंतु हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हाच समज घातक ठरू शकतो. 1961 मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेल्या या औषधाच्या वजनाचा सुमारे 37 टक्के भाग आयोडीनचा असतो; ते चरबीत व फुफ्फुसात साठते, पेशींतील स्निग्ध द्रव्यांचे विघटन रोखते आणि काही रुग्णांत फुफ्फुसाला सूज आणून पुढे तंतुमयता, म्हणजे व्रणासारखा कठीणपणा, निर्माण करते. धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये आरंभी साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळते आणि विश्रांतीने सैल होते, तर औषधजन्य धाप सुटीच्या दिवशीही उतरत नाही. मोठा डोस, दीर्घ उपचार, उतारवय आणि आधीच दुबळे झालेले फुफ्फुस यांनी धोका वाढतो, म्हणून मागावर आयुष्य घालवलेल्या रुग्णाची छातीची क्ष-किरण तपासणी व श्वसनक्षमतेची चाचणी उपचाराच्या आरंभीच व्हायला हवी. औषध थांबवण्याचा निर्णय मात्र हृदयरोगतज्ज्ञाचाच असावा, कारण ठोके पुन्हा बिघडल्यास ते जिवावर बेतू शकते. शिवाय थांबवल्यानंतरही हे औषध शरीरात कित्येक आठवडे, कधी महिने रेंगाळते.