गाडीला धाप लागते तेव्हा

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात एकानं विचारलं, "बाई, डोंगर चढताना आपल्याला धाप लागते, तशी गाडीलाही लागते का हो?" सगळा वर्ग खो खो हसला. मी मात्र हसले नाही. कारण गाडीला लागलेली धाप मी स्वतः पाहिली आहे!

१९९७ साली मी तिसरीत होते. मामा चंदीगडला नोकरीला. सुट्टीत त्याच्या जुन्या गाडीतून आम्ही मनालीहून रोहतांग खिंडीकडे निघालो. ही खिंड आहे ३,९७८ मीटर उंच. अर्ध्या चढावरच गाडी रडायला लागली. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास. शेवटी मामानं गाडी मागे वळवली. मनालीतल्या मेकॅनिकनं प्लग काढला, तर तो काजळीनं काळाकुट्ट!

असं का झालं? समुद्रकाठी एक लिटर हवेचं वजन असतं साधारण सव्वा ग्रॅम. रोहतांगला तेवढ्याच हवेचं वजन एक तृतीयांशानं कमी भरतं. पुष्कळांना वाटतं, उंचावर हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण घटतं. तसं नाही बरं का! प्रमाण तेच, शंभरात एकवीस. हवाच विरळ असते.

आता इंजिनाचं बघा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण तयार करतो कार्बोरेटर. त्याची नळी मध्ये अरुंद असते. तिथून हवा जोरात जाते, दाब कमी होतो आणि 'जेट' नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल वर ओढलं जातं. घरी करून बघा. पाण्याच्या पेल्यात एक स्ट्रॉ उभी धरा आणि दुसरीतून तिच्या तोंडावर आडवी जोरात फुंकर मारा. पाणी वर चढेल, तुषारही उडतील!

पण कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही. उंचावर हवा जितकी घटते, तितकं पेट्रोल घटत नाही. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. मग ते अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो.

मेकॅनिकनं जेट काढून त्याहून बारीक भोकाचं बसवलं. उभी गाडी बंद पडू नये म्हणून इंजिनाचा वेग किंचित वाढवला. हवेचा फिल्टर झटकला. दुसऱ्या दिवशी आम्ही रोहतांगला पोहोचलो! धूर थांबला होता. चढावर गाडी हळूच चालत होती, कारण हवा कमी तर ताकदही कमीच. ती काही जेट बदलून परत येत नाही.

जुनं जेट मामानं काडेपेटीत घालून माझ्याकडे दिलं. "खाली उतरलो की आठवण कर. ही तुझी जबाबदारी!" आणि मी चक्क विसरले! परतताना सपाटीवरच्या उन्हात इंजिन टकटक वाजू लागलं, तापमानाचा काटा चढला. मामानं गाडी थांबवली. "अगं, जेट कुठाय?" माझ्या पोटात गोळाच आला. खाली हवा दाट, त्यात पेट्रोल कमी पडत होतं. अशानं इंजिन तापतं, आतला पिस्टनसुद्धा खराब होतो. दप्तर उलटंपालटं केलं, तेव्हा कुठे काडेपेटी सापडली. मामा रागावला नाही. पण तेव्हापासून सोपवलेलं काम मी वहीत लिहून ठेवते!

आजच्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो. हवेचा अंदाज सेन्सर घेतात आणि त्याप्रमाणे पेट्रोल सोडलं जातं. तुमच्या आजोबांची जुनी स्कूटर असेल, तर मात्र तिचा कार्बोरेटर त्यांच्याकडून जरूर बघून घ्या. ती घेऊन महाबळेश्वरला जायचं तर जेट बदलायची गरज नाही. ते साधारण १,३७० मीटरच उंच आहे.

आता तुमच्यासाठी प्रश्न. लेहला उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरमध्ये मात्र लवकर शिजते. असं का? घरात चर्चा करा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या,
बाई