विरघळणारी पट्टी: आधी गरज पाहा

झोपाळ्यावरून किंवा सायकलवरून पडून मूल हनुवटीवर आपटते. हनुवटीला खोक पडते. जवळच्या दवाखान्यात दोन टाके घातले जातात आणि थोडक्यात निभावले म्हणून आईवडील मुलाला घरी आणतात. पण हनुवटीचा मार जबड्याच्या हाडातून वर, कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो आणि तेथील नाजूक हाड मोडू शकतो. टाके आठवड्यात निघतात. आतला अस्थिभंग कित्येकदा कोणाच्या ध्यानीही येत नाही.

जबडा मोडल्याचे कळलेच, तर आता पालकांच्या कानावर 'विरघळणारी पट्टी' हा शब्द येतो. ती महाग असते. कर्ज काढून ती बसवावी काय? माझे मत असे की, पट्टी चांगली आहे. पण कोणती पट्टी हा दुसरा प्रश्न झाला. पट्टी लागणार आहे का, हा पहिला.

मोठ्या माणसाचा मोडलेला जबडा टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रू लावून जोडतात. त्या जन्मभर आत राहिल्या तरी बहुधा तक्रार नसते. मुलाचा जबडा मात्र वाढत असतो. नवे हाड पट्टीवर चढून ती आत गाडली जाऊ शकते. म्हणून अनेक शल्यचिकित्सक काही महिन्यांनी ती काढून टाकतात. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च.

हा दुसरा फेरा टाळण्यासाठी विरघळणारी पट्टी आली. कवटी व चेहऱ्याच्या हाडांसाठी अशा पट्टीला अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या लांब साखळ्यांपासून ती बनते. विरघळणारे टाकेही याच कुळातले. शरीरातील पाण्याने या साखळ्या हळूहळू तुटतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. साधारण सहा ते आठ आठवडे पट्टीची ताकद टिकते. मुलाचे हाड त्याआधीच सांधलेले असते. पुढे वर्ष-दोन वर्षांत, काही प्रकारांत त्याहून उशिरा, ती नाहीशी होते.

तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ती धातूपेक्षा कमी ताकदीची, म्हणून जाड असते. गरम करून वाकवावी लागते, हाडात आटे पाडावे लागतात आणि बसवताना स्क्रू तुटू शकतो. विरघळताना कधी सूज येते. मुलाच्या जबड्यात कायमच्या दातांचे अंकुर असतात; चुकीच्या जागी भोक पडले तर स्क्रू कोणताही असो, अंकुर दुखावतोच.

मुलांचे हाड झपाट्याने सांधते. नुसता तडा असेल तर दोन-तीन आठवडे पातळ व मऊ आहार पुष्कळदा पुरतो. थोडे सरकलेले हाड दातांवर ॲक्रिलिकचा साचा तारेने बांधून जागेवर धरता येते. सांध्याजवळचे हाड मोडले असेल तर बहुतेक मुलांत लवकर सुरू केलेली जबड्याची हालचाल हाच मुख्य उपचार असतो. पट्टी लागते ती मुख्यतः हाड फार सरकले असेल तेव्हा.

पट्टी साधी बसली म्हणून मुलाचे आयुष्य बिघडत नाही. दुर्लक्षाने मात्र बिघडते. सांधा जखडला तर तोंड उघडत नाही, घास जात नाही, दात घासता येत नाहीत. जबड्याची वाढ खुंटून हनुवटी आत राहते किंवा चेहरा वाकडा होतो.

म्हणून हनुवटीला मार लागल्यावर मुलाला तोंड उघडायला सांगा. जबडा एका बाजूला जातो का, दात पूर्वीसारखे जुळतात का, कानापुढे दुखते का, कानातून रक्त येते का, हे पाहा. शंका आल्यास त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत जबड्याचे तज्ज्ञ भेटतात. त्यांना तीन गोष्टी विचारा: पट्टीवाचून भागेल का? धातूची बसवली तर केव्हा काढणार? विरघळणारी घेतल्याने माझ्या मुलाचा नेमका फायदा काय? उत्तर पटले तर पट्टी जरूर घ्या. आणि कोणताही उपचार झाला तरी, वाढ पुरी होईपर्यंत मुलाला तपासणीला नेणे सोडू नका.