खालची माती बघून वरचा मोझॅक

वैशाखात मातीचे नमुने घ्यायला एका गावी गेलो होतो. शेतकऱ्याच्या नव्या घरावर स्लॅब पडला होता, जमीन व्हायची राहिली होती. चहा पुढे ठेवत वहिनी म्हणाल्या, "साहेब, मोझॅक करायचं ठरलंय. हे म्हणतात लाद्या आणू, गवंडी म्हणतो जागेवर ओतू. तुम्हीच काय ते सांगा." मी पडलो शेतीखात्याचा माणूस. पण हा प्रश्नही जमिनीचाच निघाला.

मोझॅक म्हणजे सिमेंटात संगमरवराचे खडे घालायचे आणि घट्ट झाल्यावर घासून गुळगुळीत करायचे. लादी कारखान्यात दाबयंत्राखाली होते. वर खड्यांचा थर, खाली साधा सिमेंट-वाळूचा. दुसऱ्या प्रकारात काचेच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून चौकटी पाडतात आणि माल तिथेच भरून चोपतात. सांधे कमी, नक्षी मनाजोगी. दिसायला हाच देखणा, यात वाद नाही.

मी वहिनींना अंगणातली भेग दाखवली. पंजा आत जाईल एवढी होती. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर घर बांधले म्हणून ती आपला स्वभाव सोडत नाही. ओतीव मोझॅकला खालून उचल बसली की तो तडकतो, आणि तडा बुजवला तरी रंग जुळत नाही. लादी उचलली गेली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माती तपासा म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्या मीच स्वतःच्या घराच्या जोत्यात पायाच्या खोदाईतली काळी माती भरू दिली. मुरमाचे पैसे वाचले. दुसऱ्या उन्हाळ्यात सोप्यापासून देवघरापर्यंत सरळ तडा गेला. सौभाग्यवती अजून तो पाहुण्यांना दाखवतात.

म्हणून काळ्या रानात घर असेल तर लादीच घ्यावी. जोत्यातली काळी माती काढून वीत-वीतभर थरांनी मुरूम भरावा, पाणी मारावे, धुम्मस करावी आणि वर कोबा घालावा. मुरमाड जमिनीवर, पक्क्या भरावावर ओतीव मोझॅक खुशाल करा. मात्र गवंडी त्यातला जाणता हवा.

लादीला भारतीय मानक आहे, क्रमांक १२३७. दुकानात एक लादी फोडून कड बघा. खड्यांचा थर निदान ५ मिलिमीटर हवा. तो पातळ असला तर पुढे कधी पुन्हा पॉलिश करताना खालचे सिमेंट उघडे पडेल. दहा-बारा लाद्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, कारण नंतर तोच रंग मिळत नाही. बसवल्यावर आठवडाभर पाणी मारा, मगच घासाईचे यंत्र लावू द्या. घासाईचे पांढरे पाणी परसातल्या भाजीत किंवा विहिरीकडे सोडू नका. शेवटच्या पॉलिशला ऑक्झॅलिक आम्लाची पूड वापरतात. ती विषारी आहे. पोरांच्या आणि जनावरांच्या वाटेत ठेवू नका.

स्वयंपाकघराबद्दल वहिनींना एवढेच सांगितले, की चिंच, लिंबू, ताक सांडले तर लगेच पुसा. चुनखडीच्या मातीवर आम्लाचा थेंब टाकला की फसफसते ना? संगमरवर त्याच जातीचा. संडास-मोरीसाठी आणलेल्या ॲसिडची बाटली तर या जमिनीकडे फिरकूही देऊ नका.

गोठ्यालाही मोझॅक करावा असे शेतकऱ्याच्या मनात होते. मी हात जोडले. गुळगुळीत जमिनीवर गाभण म्हैस घसरली तर केवढ्याला पडेल? तिथे खरबरीत कोबाच बरा, वर रेघा ओढलेला.

नमुन्यांच्या पिशव्या बांधून निघालो तेव्हा धनी फोनवर मुरमाच्या ट्रॉलीचा भाव विचारत होते, आणि वहिनी गवंड्याला जोत्यातली माती उकरून दाखवायला सांगत होत्या.