थंडीनें दबलेली केळ उपटण्याची घाई

मार्गशीर्ष-पौषांत टेंभुर्णीच्या आसपासच्या केळीच्या बागांतून हिंडूं लागलें म्हणजे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. आश्विन-कार्तिकांत लाविलेलीं उतिसंवर्धित रोपें पिवळीं पडून जागच्या जागीं बसलेलीं असतात, पानें गुच्छासारखीं दाटून निघतात, आणि पोंगा कित्येक दिवस उलगडत नाहीं. मालक काळजींत पडतो, शेजारी सल्ले देतात, आणि अखेरीस दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर युरिया व पाणी यांचा मारा होतो, नाहीं तर रोपें उपटून त्या जागीं नवीं लाविलीं जातात. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत, व दुसरी तर पहिलीहून अधिक.

केळ ही उष्ण प्रदेशांतील वनस्पति होय. हवा १६ अंश सेल्सिअसच्या खालीं उतरली कीं तिची वाढ मंदावते, आणि १० अंशांच्या सुमारास ती जवळजवळ थांबते. ऊबदार दिवसांत आठवड्यास एक पान टाकणारें झाड थंडींत एका पानास पंधरा-वीस दिवस घेतें. तेव्हां पान उशिरा येणें हा रोग नव्हे, ऋतुधर्म आहे. शिवाय आपण ज्यास खोड म्हणतों तें पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले पदर होत. वाढीचा खरा कोंब जमिनीलगत कंदांत असतो व घड निसवण्याचे दिवस जवळ येईपर्यंत तो तेथेंच राहतो. म्हणून वरचीं पानें करपलीं तरी कंद शाबूत आहे तोंवर झाड गेलें असें समजूं नये. बुंधा बोटांनीं दाबून पाहावा. घट्ट लागला तर रोप तसेंच राहूं द्यावें. मऊ लागून घाण येत असेल तरच तें कंदासह काढून बागेबाहेर न्यावें.

भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हांपासून या भागास पाण्याचा आधार मिळाला; ऊस वाढला, मागाहून केळही आली, आणि आज माढा-करमाळ्याकडील केळीं आखाती देशांत जातात. परंतु पाणी हाताशीं असणें हेंच थंडींत कधीं कधीं जाचक होतें. आमची काळी जमीन ओल धरून ठेवते. ओलीगच्च जमीन दिवसा लौकर तापत नाहीं, मुळांस हवा मिळत नाहीं, आणि कोंवळीं मुळें काम सोडतात. ठिबकाचा संच चैत्रांत चालतो तितकाच वेळ पौषांतही चालविणारे बागाईतदार थोडे नाहींत. वाफसा पाहूनच पाणी द्यावें. विहिरीचें पाणी पहाटेच्या हवेहून ऊबदार असतें, त्यामुळें कडाक्याच्या थंडींत पहाटे थोडें पाणी सोडण्याची चाल योग्यच आहे. आमचा भर ‘थोडें’ या शब्दावर आहे.

खताचेंही तेंच. प्रति झाड २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश ही शिफारस सबंध पिकासाठीं आहे. रोप पिवळें दिसलें म्हणून नत्राचा मोठा वांटा दोन महिन्यांत उरकावयाचा नसतो. थंड जमिनींत मुळें तें उचलीत नाहींत, आणि न उचललेलें नत्र पाण्याबरोबर खालीं जातें. या दिवसांत नत्र हात राखून द्यावें, पालाश चालू ठेवावें, आणि बुंध्याभोंवतीं निंबोळी पेंड घालावी.

ऐन याच दिवसांत उसाची तोड चाललेली असते, आणि पाचट जागच्या जागीं पेटवून दिलें जातें. हें आम्हांस पाहवत नाहीं. तें दोन ओळींच्या मधल्या जागेंत पसरावें, मात्र बुंध्याभोंवतींची वीतभर जागा उघडी ठेवावी, म्हणजे दिवसाचें ऊन तेथें पोंचेल. धुराच्या शेकोट्यांवर फार भिस्त ठेवूं नये. वारा असला तर ऊब बागेंत ठरत नाहीं. वाऱ्याच्या बाजूस शेवरीची दाट कड त्याहून अधिक उपयोगी, पण ती लागवडीबरोबरच लावावी लागते. अर्धवट पिवळीं पानें कापूं नयेत, तीं अजून झाडास पोशितात. करप्याचे ठिपके पडलेला भाग तेवढा कापून बागेबाहेर नष्ट करावा.

राहिली गोष्ट नांगे भरण्याची. लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांपर्यंत तें अवश्य करावें. पौषांत लाविलेलें रोप थंडीनें पुन्हा तसेंच बसतें, पुढें मोठ्या झाडांच्या सावलींत सांपडतें, आणि त्याचा घड बागेच्या तोडणीशीं जुळत नाहीं. रोपाची किंमत व मजुरी दोन्ही फुकट जातात. मेलेल्या रोपाची जागा तशीच सोडून, खोडव्याच्या वेळीं शेजारच्या झाडाचा त्या बाजूचा एक जोमदार मुनवा राखणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. जिवंत रोपांस माघ सरेपर्यंत मुदत द्यावी, आणि सलग दोन पानें नीट उलगडलेलीं दिसलीं म्हणजे नत्राचा पुढील हप्ता सुरू करावा.