हिशेबाबाहेरची हवा

माहूरच्या बाजारपेठेत किराणा-भुसाराचे जुने दुकान असलेल्या एका कुटुंबाकडे २००३ सालची मारुती जिप्सी आहे. रेणुकामातेचे मंदिर आणि दत्तशिखर या वाटांवर नारळ-प्रसादाची जी लहान दुकाने आहेत, त्यांपैकी काहींचा माल याच गाडीने वर जातो. घाट वळणावळणाचा, पावसाळ्यात निसरडा, नवरात्रात आणि दत्तजयंतीला माणसांनी फुललेला. तेव्हा ही गाडी हौसेची वस्तू नव्हे. दुकानाच्या उलाढालीचा तो एक भाग आहे.

या गाडीला एक खोड जडली. इंजिन चांगले तापल्यावरही त्याची रेस खाली उतरेना. उभ्या गाडीत अशा इंजिनाने मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेरे घ्यावेत. येथे ते दीड हजारांच्याही पुढे जात. दुकानासमोर पोती उतरत असताना गाडी अशी गुरगुरे, की शेजारचा कापडवाला विचारी, "चालकाचा पाय पेडलवरच विसरला की काय?"

पहिल्या गॅरेजने थ्रॉटलचा स्क्रू फिरवून रेस उतरवली. चार दिवसांत ती पुन्हा चढली. दुसऱ्याने थ्रॉटल बॉडीतील काजळी साफ केली आणि आयडलिंगचा व्हॉल्व्ह नवा बसवला. तिसऱ्याने गाडीचा संगणकच बदलावा लागेल असे सांगितले, तेव्हा मात्र शेठजींनी हात आखडता घेतला. तिन्ही ठिकाणी बिल चुकते झाले होते. दोष कोणता, हे एकाही बिलावर लिहिलेले नव्हते. रोकड जुळली नाही की फरक उचंत खात्यात टाकून दिवस मिटवता येतो, हे प्रत्येक मुनिमाला ठाऊक असते. स्क्रू फिरवून उतरवलेली रेस ही त्याच जातीची नोंद होय.

पेट्रोल इंजिनाचा व्यवहार तसा सरळ आहे. जितकी हवा आत येईल, तितके पेट्रोल तिला मिळते आणि त्या मानाने फेरे होतात. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटलची झडप मिटते, हवा जवळजवळ बंद होते, इंजिन संथ होते. पाय काढूनही ते संथ होत नसेल, तर हवा कुठून तरी येत आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग ती केबल ताणलेली राहिल्याने येते, झडप अडकल्याने येते, की एखाद्या चिरेतून चोरवाटेने येते, हा शोध. १९८५ साली जिप्सी आली तेव्हा तिला ९७० सीसीचे कार्ब्युरेटरवाले इंजिन होते. त्यात चोक अर्धवट उघडा राहणे हे नेहमीचे कारण असे. २००० साली इंजेक्शन आले आणि हवेचा हिशेब सेन्सरकडे गेला. इनटेक मॅनिफोल्डमधील दाब पाहून संगणक पेट्रोल ठरवतो. चिरेतून हवा शिरली की दाब वाढतो, संगणक त्या हवेलाही इमानदारीने पेट्रोल देतो आणि रेस चढते. संगणकाचा त्यात काही अपराध नसतो.

पुसदच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे अखेर गाडी गेली. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी मुलाला विचारले, "ब्रेक कसा लागतो?"

मुलगा घुटमळला. मग म्हणाला, "चाचा, उतारावर पेडल दगडासारखं होतं. मागच्या महिन्यात दत्तशिखरावरून येताना दोन्ही पाय देऊन दाबावं लागलं. कठड्याला लागता लागता राहिली."

ही गोष्ट घरी कोणालाच माहीत नव्हती. शेठजी काही क्षण मुलाकडे नुसते पाहत राहिले. त्याने ब्रेकची तक्रार एका गॅरेजमध्ये केली होती. तेथे नवे पॅड बसवून मिळाले. रेस आणि ब्रेक ही दोन निराळी खाती धरली गेली होती.

ती निराळी नव्हती. ब्रेकच्या पेडलमागे जो गोल डब्यासारखा बूस्टर असतो, त्याला बळ मिळते ते इंजिनाच्या याच मॅनिफोल्डमधील निर्वातामुळे. एक जाड रबरी नळी मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंत जाते. ती फाटली, तर एकीकडे इंजिनात बेहिशेबी हवा शिरते आणि दुसरीकडे पायाला मिळणारे साहाय्य घटते. शिवाय चढलेल्या रेसमुळे उतारावर खालच्या गिअरचा धरही सैल पडतो. घाट उतरताना ज्या दोन गोष्टींवर भिस्त, त्या दोन्ही एका नळीने दुबळ्या केल्या होत्या.

मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले, ते कडक झाल्यावर तसेच दाबून धरले आणि इंजिन सुरू करायला लावले. बूस्टर धड असेल तर त्या क्षणी पेडल पायाखाली थोडे खचते. येथे ते जागचे हलले नाही. मग चालू इंजिनात त्यांनी एकेक नळी पकडीत कापड धरून चिमटली. पहिल्या दोन नळ्यांनी काही फरक पडला नाही. बूस्टरची नळी मॅनिफोल्डजवळ चिमटताच रेस धाडकन उतरली, इतकी की इंजिन बंदच पडले.

"बंद का पडले?" शेठजींनी विचारले.

"पहिल्यांदा स्क्रू कोणी फिरवला, सेठ? चोराची हवा धरून त्यानं हिशेब बसवला. चोर गेला, आता घरची हवा पुरत नाही."

नळी काढल्यावर चीर दिसली. क्लिपच्या अगदी खाली, तळाच्या बाजूला, वरून पाहणाऱ्याला कधीच न दिसणारी. दोष कंपनीचा म्हणता येणार नाही. इंजिनाच्या उष्णतेत वीस वर्षे राहिलेले रबर तडकणारच. नवी नळी काही शे रुपयांत आली. स्क्रू मूळ जागी आणला, इंजिन पूर्ण तापू दिले, तेव्हा ते मऊ आवाजात स्थिरावले.

सांध्यांवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधण्याची रीत काही ठिकाणी दिसते. तापलेल्या इंजिनावर ती आगीला आमंत्रण आहे. साध्या पाण्याचा बारीक फवाराही पुष्कळदा तेच सांगून जातो. तसेच थंडगार इंजिनाची रेस सुरुवातीला थोडी जास्त असणे हा दोष नव्हे. आणि डिझेल जीपला हा सगळा ताळा जसाच्या तसा लावू नये. तिच्या जुन्या इंजिनात हवेची झडप नसते, ब्रेकसाठी निर्वात निर्माण करणारा पंप वेगळा, बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो. तेथे रेस चढली तर आधी केबल, परतीची स्प्रिंग आणि डिझेल पंपाची जोडणी पाहावी.

मिस्त्रींनी उरलेल्या नळ्याही दाखवल्या. दोन टणक झाल्या होत्या. शेठजींनी त्या तेथेच बदलून घेतल्या. परतताना पैनगंगेच्या पुलापर्यंत मुलाने गाडी चालवली. पुढे माहूरपर्यंत शेठजी स्वतः चाकावर बसले आणि वाटेत, काही कारण नसताना, तीनदा ब्रेक दाबून पाहिला.